औषधाची पहिली मात्रा ठरते कशी?

निफाडचा_बागाइतदार

सर्वांना नमस्कार. माझे वडील ७८ वर्षांचे असून त्यांचे वजन ५२ किलो आहे. पायांवर सूज येते म्हणून लघवी वाढवणारी गोळी त्यांना आधीपासून चालू होती. आता नाशिकच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी रॅमिप्रिल सुरू केले आहे, पण तेही केवळ १.२५ मिलिग्रॅम आणि रात्री झोपताना. शेजारचे काका हेच औषध १० मिलिग्रॅम घेतात, त्यामुळे ‘एवढ्याशा गोळीने काय होणार’ असे घरात सगळ्यांचे म्हणणे पडले. भाच्याला मलेरिया झाला होता तेव्हा मात्र याच्या अगदी उलट घडले होते. त्याला क्लोरोक्विनच्या पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार आणि तिसऱ्या दिवशी दोन गोळ्या दिल्या होत्या, म्हणजे सुरुवात मोठी आणि शेवट लहान.

डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे आणि मात्रेत परस्पर बदल करण्याचा कोणताही विचार नाही. कुतूहल आहे ते त्यामागच्या हिशेबाचे. द्राक्षबागेसाठी एखादे नवे संजीवक आले की आम्ही ते आधी एकाच ओळीवर मारून पाहतो आणि पाने-घड भाजत नाहीत अशी खात्री पटल्यावरच पूर्ण बागेचा विचार करतो. माणसांच्या औषधात ही पहिली ओळ कोणाची असते आणि तिच्यावर किती मारायचे हे कोण, कशाच्या आधारे ठरवते?

औषधशास्त्र_शिक्षक

दादा, आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. एखादे रसायन जगात प्रथमच माणसाच्या शरीरात जाते तेव्हाची मात्रा ही एक गोष्ट आहे आणि बाजारात रुळलेले औषध एका विशिष्ट रुग्णाला सुरू करताना द्यायची मात्रा ही निराळी. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, म्हणून पहिलीबद्दल लिहितो. दुसरीबद्दल येथल्या एखाद्या डॉक्टरांनी लिहिलेले बरे.

माणसाला दिलेल्या अगदी पहिल्या मात्रेकडून कोणाचा रोग बरा होण्याची अपेक्षाच नसते. ती जाणूनबुजून इतकी लहान ठेवतात की बहुधा काहीच होऊ नये, आणि तेथून पायरीपायरीने वर चढायचे. ही लहान मात्रा काढण्याची सर्वाधिक प्रचलित रीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली मार्गदर्शक सूचनांच्या रूपाने लिहून काढली, आणि बहुतेक सर्वत्र तिचाच आधार घेतला जातो.

एक काल्पनिक औषध घेऊन आकडेमोड करून दाखवतो. आधी उंदीर व कुत्रा अशा निदान दोन जातींच्या प्राण्यांना वाढत्या मात्रा देऊन, हानिकारक परिणाम दिसला नाही अशी सर्वांत मोठी मात्रा शोधतात; आमच्या क्षेत्रात तिला ‘नोएल’ म्हणतात. समजा मोठ्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, ती किलोमागे ५० मिलिग्रॅम आली आणि कुत्र्यात १० मिलिग्रॅम. हे आकडे माणसाला थेट लावता येत नाहीत, कारण लहान प्राण्याच्या शरीरात चयापचयाचा वेग वजनाच्या मानाने फार अधिक असतो आणि औषधाचा निचराही त्याच वेगाने होतो. म्हणून वजनाऐवजी शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ धरतात. त्यासाठी ठरावीक भाजक आहेत: छोट्या उंदराच्या मात्रेला १२.३ ने, रॅटच्या मात्रेला ६.२ ने आणि कुत्र्याच्या मात्रेला १.८ ने भागायचे. आपल्या उदाहरणात रॅटवरून माणसासाठी किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम येतात आणि कुत्र्यावरून ५.६. यांतली लहान संख्या, म्हणजे कुत्र्यावरून आलेली, घ्यायची आणि तिला सुरक्षेसाठी पुन्हा १० ने भागायचे. किलोमागे ०.५६, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ३३ मिलिग्रॅम, ही आरंभीच्या मात्रेची कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात आरंभ तिच्याही खालून करतात.

येथे गंमत अशी की रॅटची मूळ मात्रा कुत्र्याच्या पाचपट होती, परंतु भागाकारानंतर दोन्ही आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आले. ते असे जवळ येतात तेव्हा आम्हाला थोडा धीर येतो. फार दूर राहिले, तर त्यांपैकी कोणत्या प्राण्याचे यकृत हे औषध माणसासारखे मोडते, याचा शोध घेतल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नसतो.

आपल्या ‘पहिल्या ओळी’बद्दल सांगायचे तर ती बहुतेक औषधांत निरोगी प्रौढ स्वयंसेवकांची असते. कर्करोगाच्या पेशीमारक औषधांत मात्र निरोगी माणसाला विष पाजणे नीतीला धरून नाही, म्हणून ती आरंभापासून रुग्णांनाच देतात आणि हिशेबही निराळा करतात: दर दहा उंदरांपैकी एकाला गंभीर विषबाधा करणारी मात्रा क्षेत्रफळाच्या हिशेबाने माणसासाठी बदलून घेतात आणि तिचा दहावा भाग देतात. रुग्णाच्या हाती वेळ थोडा असल्याने तेथे अतिसावध, निरुपयोगी मात्रा देणे हाही अन्यायच ठरतो. आपल्याकडे अशा कोणत्याही चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची आणि नीतिमत्ता समितीची संमती लागते. २०१९ च्या नियमांत स्वयंसेवकाला इजा झाल्यास उपचार व भरपाई देण्याची तरतूद आहे.

सिन्नरचा_पशुवैद्य

सरांनी जे लिहिले ते आम्हा पशुवैद्यांना रोज पाळावे लागते, म्हणून थोडी भर घालतो.

वजनाच्या सरळ प्रमाणात मात्रा वाढवली की काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६२ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात घडले. टस्को नावाच्या हत्तीवर एलएसडी या भास निर्माण करणाऱ्या अमली द्रव्याचा प्रयोग करायचा होता. संशोधकांनी किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम असा हिशेब धरून त्याला २९७ मिलिग्रॅम टोचले. हत्ती काही मिनिटांतच कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. त्याला सावरण्यासाठी नंतर दिलेल्या औषधांचाही त्यात वाटा असावा, असे अनेकांचे मत आहे आणि तो वाद मिटलेला नाही. तरीही एवढ्या मोठ्या जनावराचा चयापचय किलोमागे किती संथ असतो याचा विचार झाला असता, तर मात्रा याच्या एका लहान अंशावर आली असती, याबद्दल दुमत नाही.

परंतु माझ्या मते क्षेत्रफळाचा भागाकारही एका मर्यादेपर्यंतच साथ देतो. मांजराला पॅरासिटामॉल कोणत्याच हिशेबाने बसत नाही, कारण ते निकामी करून बाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणाच मांजरात तोकडी आहे. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आपल्या अंजनेरीच्या कड्यांवरच्या गिधाडांचे तेच झाले. गाई-म्हशींना सोसणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृत शरीरातून गिधाडांच्या पोटात गेले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. देशभरातली गिधाडे झपाट्याने संपू लागल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घालावी लागली. तेथे मात्रेला ६.२ ने भागले काय किंवा १२.३ ने भागले काय, उत्तर चुकीचेच आले असते.

पंचवटीकर

म्हणजे एका जातीवरून दुसऱ्या जातीचे काही सांगता येत नाही, आणि तरी सगळा डोलारा उंदरांवर उभा! शेवटी १० ने भागायचे, तर १० च का? ७ ने का नाही, ५० ने का नाही? मला तरी हे अंदाजपंचे दाहोदरसे वाटते.

औषधशास्त्र_शिक्षक

पंचवटीकर, १० हा आकडा संकेताने आलेला आहे, हे आपले म्हणणे मान्य. डोकेदुखी, मळमळ, उदासी या गोष्टी उंदीर सांगू शकत नाही. माणसामाणसांत फरक असतो. तोंडाने घेतलेले औषध किती शोषले जाईल हे आधी ठाऊक नसते. या सगळ्यासाठी ठेवलेली ती जागा आहे. विषबाधा भरून न येणारी असेल किंवा थोडी मात्रा वाढवताच परिणाम एकदम चढत असेल, तर हा भाजक १० हून मोठा धरावा असे त्याच सूचनांत म्हटले आहे. तेव्हा तो अंदाज आहे हे खरे, पण चुकलाच तर लहान मात्रेच्या बाजूने चुकावा अशा बेताने केलेला.

तरीही आपली शंका निराधार नाही, आणि ती सर्वांत कठोरपणे मांडली गेली ती १३ मार्च २००६ रोजी लंडनमध्ये. टीजीएन १४१२ नावाचे प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना प्रथमच देण्यात आले. माकडांनी किलोमागे ५० मिलिग्रॅम मात्रा सहज सोसली होती आणि तरुणांना दिलेली मात्रा होती किलोमागे ०.१, म्हणजे पाचशेपट लहान. कागदावर सगळे नियमात बसत होते. दीड तासाच्या आत त्यांच्या प्रतिकारशक्तीचा उद्रेक सुरू झाला आणि पुढे एकेक अवयव निकामी होऊ लागला. सहाही जण वाचले, पण काहींना त्याची जबर किंमत मोजावी लागली. हे प्रतिपिंड पेशींवरील ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटून त्यांना चेतवत होते, तो ग्राहक माकडातील अशा पेशींच्या एका गटावर नव्हताच, हे पुढे उघड झाले. माकड सुखरूप राहिले ते मात्रा लहान होती म्हणून नव्हे, तर औषधाला धरायला तेथे काही नव्हते म्हणून.

त्यानंतर अशा औषधांसाठी प्रश्नच उलटा विचारला जाऊ लागला. किती मात्रेपर्यंत अपाय होत नाही, हे विचारण्याऐवजी किती मात्रेपासून काहीतरी परिणाम होऊ लागतो, हे विचारायचे. त्यासाठी माणसाच्याच पेशी परीक्षानळीत घेऊन, किती टक्के ग्राहक व्यापले की पेशी जाग्या होतात हे मोजतात आणि त्या किमान पातळीवरून आरंभाची मात्रा काढतात. या रीतीला ‘मेबल’ असे नाव पडले आणि युरोपच्या औषध यंत्रणेने २००७ मध्ये तिला आपल्या सूचनांत स्थान दिले. आणखी एक साधा बदल झाला. लंडनमध्ये सहाही जणांना काही मिनिटांच्या अंतराने लागोपाठ औषध टोचले गेले होते. आता पहिल्या एकाला देऊन वाट पाहतात, मगच इतरांना देतात. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्यातला हा प्रकार आहे, परंतु या बाबतीत तोच योग्य.

अर्थात पहिली पायरी सुरक्षित असली म्हणजे जिना सुरक्षित असतो असे नाही. फ्रान्समधील रेन येथे जानेवारी २०१६ मध्ये एका चाचणीत स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. त्या औषधाचा आरंभ अवघ्या ०.२५ मिलिग्रॅमपासून झाला होता आणि तेथे काहीच बिघडले नव्हते. अपघात झाला तो रोज ५० मिलिग्रॅम, अशी सलग काही दिवस मात्रा घेणाऱ्या गटात. म्हणून २०१७ च्या सुधारित सूचनांत मात्रा कशी वाढवायची आणि कोठे थांबायचे यावर मोठा भर आहे. मला स्वतःला पहिल्या आकड्यापेक्षा हाच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो आणि विद्यार्थी नेमका तोच घाईने वाचतात.

निफाडचा_बागाइतदार

सर, एवढे सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. वडिलांच्या १.२५ चा आणि भाच्याच्या चार गोळ्यांचा उलगडा अजून व्हायचा आहे. वडिलांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा रक्ततपासणीतला आकडा, १.२ आले असून लॅबच्या रिपोर्टमध्ये ते ‘नॉर्मल’च्या रकान्यात आहे.

फिजिशियन_नाशिकरोड

बागाइतदार दादा, आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा समजावा. हिशेब मात्र समजावून सांगता येईल.

क्रिएटिनिनचा तो ‘नॉर्मल’ रकाना वृद्धांच्या बाबतीत फसवा असतो. मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त शुद्ध करते याचा अंदाज देणारे, १९७६ पासून वापरात असलेले एक सूत्र आहे: १४० मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे, स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचे. वडिलांचे आकडे घातले तर ६२ गुणिले ५२ भागिले ८६.४, म्हणजे मिनिटाला सुमारे ३७ मिलिलीटर येतात. त्याच १.२ क्रिएटिनिनवर तीस वर्षांच्या सत्तर किलोच्या तरुणाचे उत्तर ८९ येते. रिपोर्टवरचा आकडा तोच, पण मूत्रपिंडाची कुवत निम्म्याहूनही कमी. रॅमिप्रिलचे शरीरात जे कार्यक्षम रूप तयार होते ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे वडिलांच्या शरीरात ते अधिक काळ रेंगाळणार. शिवाय लघवीची गोळी चालू असल्याने त्यांचा रक्तदाब रेनिन-अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळून दाब राखणाऱ्या यंत्रणेच्या आधारावर टिकून आहे, आणि हे औषध नेमका तोच आधार काढून घेते. अशा रुग्णाचा रक्तदाब पहिल्याच गोळीने एकदम उतरू शकतो, उठताना भोवळ येते आणि या वयात पडून खुबा मोडला तर रक्तदाबाचे दुखणे परवडले असे म्हणायची पाळी येते. म्हणून २.५ ऐवजी १.२५, आणि तेही झोपताना. शेजारचे काकासुद्धा पहिल्या दिवसापासून १० घेत नसणार. ते तेथवर चढत गेले असतील. सबघोडे बारा टक्के हा न्याय येथे लागू होत नाही.

आता भाच्याचे. तुम्ही रोज ठरावीक गोळी घेत राहिलात तर रक्तातील औषधाची पातळी स्थिर व्हायला त्या औषधाचे चार ते पाच अर्धायुष्यकाळ लागतात. अर्धायुष्यकाळ म्हणजे शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचा तो दीड-दोन दिवसांचा आहे, म्हणजे पातळी स्थिर व्हायला आठवडा तरी जातो. क्लोरोक्विनचा तर काही आठवड्यांचा आहे. शिवाय ते रक्तात थांबत नाही, ऊतींमध्ये जाऊन दडते. हिशेबाला असे दिसते की जणू शरीराच्या प्रत्येक किलोमागे शंभराहून अधिक लिटर जागेत ते पसरले आहे. ही जागा भरल्याखेरीज रक्तात पुरेशी पातळी येत नाही आणि मलेरियाचा परजीवी तोवर थांबत नाही. म्हणून पहिले दोन दिवस किलोमागे १० मिलिग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी ५ मिलिग्रॅम देतात. एका गोळीत मूळ क्लोरोक्विन १५० मिलिग्रॅम असते, त्यामुळे साठ किलोच्या माणसाला चार, चार आणि दोन गोळ्या होतात.

यातून वैद्यकात दोन वेगळी गणिते निघतात. भरणाची पहिली मात्रा हवी असलेली पातळी गुणिले औषध पसरण्याची जागा एवढी असते, तर रोजची मात्रा हवी असलेली पातळी गुणिले शरीराचा निचऱ्याचा वेग यावर ठरते. मूत्रपिंड थकले असेल तर दुसरी कमी करावी लागते. पहिली बहुतेक वेळा तशीच राहते. तातडी असेल तर भरण करून आरंभ करायचा. जन्मभराचे दुखणे असेल तर सावकाश चढायचे. फिट थांबत नसलेल्या रुग्णाला फेनिटॉइन किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम एकदम देतात. उलट हृदयविकार असलेल्या वृद्धाला थायरॉइडची गोळी १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासूनच सुरू करतात, कारण तेथे घाई केली तर हृदयावर ताण येतो.

गोळे_कॉलनी_घाऊक

माझा धंदा औषधांच्या घाऊक विक्रीचा आहे, त्यामुळे सूत्रांत पडत नाही. पण आरंभी ठरलेली मात्रा पुढे टिकतेच असे नाही, हे आमच्या फळ्यांवरच दिसते. थायझाइड जातीची, म्हणजे रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी, औषधे १९५० च्या दशकाअखेरीस आली तेव्हा ती आजच्या कित्येक पट मात्रेत देत असत. आज त्याच प्रकारच्या क्लोरथॅलिडोनच्या ६.२५ मिलिग्रॅमच्या गोळीलाही मागणी असते. १९६० च्या पहिल्या गर्भनिरोधक गोळीत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होते, आता सर्वसाधारणपणे २० ते ३५ असते. एड्सवरचे झिडोव्ह्यूडिन सुरुवातीला दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम देत, पुढे ६०० पुरते असे दिसले. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची मात्रा अमेरिकेत २०१३ मध्ये निम्मी केली, कारण रात्री घेतलेल्या औषधाचा अंमल सकाळी गाडी चालवतानाही उरत होता.

सगळे उतरणीलाच लागते असेही नाही. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन किलोमागे १० मिलिग्रॅमवर ठरले, त्यात अपायाच्या भीतीइतकाच त्या काळच्या महागाईचाही वाटा होता. अलीकडे किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रांच्या चाचण्या झाल्या आहेत. मात्रेच्या आकड्यात खिशाचाही हिशेब असतो, हे कोणी पुस्तकात ठळक अक्षरांत छापत नाही.

निफाडचा_बागाइतदार

डॉक्टरसाहेब, उलगडा झाला. एवढेच विचारतो की मात्रा वाढवताना वडिलांच्या बाबतीत आम्ही घरी कशाकडे लक्ष द्यावे?

फिजिशियन_नाशिकरोड

सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांनी आणि पुढे प्रत्येक वाढीनंतर क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यावे. डॉक्टरांनी तारीख दिली असेल तर ती चुकवू नये. रक्तदाब बसून आणि उभे राहून, असा दोन्ही वेळा मोजून वहीत लिहावा. रक्तदाबासाठी चांगले म्हणून विकले जाणारे कमी सोडियमचे मीठ घरात असेल तर ते वडिलांना देऊ नये, कारण त्यात पोटॅशियम असते आणि या औषधाने ते आधीच वाढू शकते. जुलाब-उलट्या झाल्या किंवा खाणे-पिणे बंद झाले, तर ही गोळी आणि लघवीची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र पूर्ण टाळाव्यात. कोरडा खोकला सुरू झाला तर पुढच्या भेटीत आवर्जून सांगावे. ओठ किंवा जीभ सुजली तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालय गाठावे.